वहिनीचं कोठार

माझ्या सीतावहिनींनी यंदा माझी भेट परत पाठवली. साडी नव्हे की फराळाचा डबा नव्हे, संगणकावरचा खेळ. मी देवासहून दुपारी बारा वाजता पाठवला आणि बारा वाजून सात मिनिटांनी माझ्या पडद्यावर निरोप आला, की ज्यांना भेट पाठवली त्यांनी ती नाकारली आहे, पैसे खात्यात परत येतील. पोस्टानं पाठवलेली वस्तू परत यायला आठवडा तरी लागतो, तेवढ्यात माणसाचा राग निवतो. या नव्या दुकानांनी रागाचीसुद्धा घरपोच सोय केली आहे.

मी कमल. देवासच्या मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं, आणि शाळेत संगणक आला तेव्हा ‘मॅडम, आप ही देख लो’ म्हणून तोही माझ्याच गळ्यात पडला. लग्न केलं नाही. का, ते आजवर कुणाला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. सीतावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, तात्याची, बायको. गंधवानीच्या मास्तरांची मुलगी, लग्न होऊन धारला आली ती तिथलीच झाली. वय अडुसष्ट, उंची बेताची, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. मला अजून ‘वन्सं’ म्हणतात. आमच्या धारच्या घराबाहेर नणंदेला असं म्हणणारं आता कुणी उरलं असेल असं मला वाटत नाही.

वहिनींचे नियम पुष्कळ. अमक्या दिवशी तेल नाही, तमक्या दिवशी सुई-दोरा नाही. मी चिडते, पण एक कबूल करते: त्यांचे नियम त्या दुसऱ्यावर लादत नाहीत. मी एकादशीला त्यांच्या देखत पोहे खाल्ले आहेत आणि त्यांनीच ते मला करून वाढले आहेत.

आमचं कायम असं गोडीगुलाबीचं नव्हतं. माई, म्हणजे माझी आई, गेल्यावर घरातल्या तांब्याच्या बंबावरून आमचं बिनसलं. बंब मी देवासला नेणार म्हटलं, वहिनी म्हणाल्या तो धारच्या न्हाणीतच राहील. त्या वेळी दोघींच्याही घरी पाणी तापवायचा रॉड होता. बंब कुणालाच नको होता, पण दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तात्या मधल्या मध्ये पोळून निघाला. दोन हजार चारच्या भाऊबीजेला तो आला तो इंदूरहून दोन सीडी घेऊन. एक मला ओवाळणी, दुसरी वहिनींना पाडव्याची.

“भांडायचंच आहे ना तुम्हां दोघींना?” तो म्हणाला. “मग यात भांडा. माझं डोकं नका खाऊ.”

खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, आमच्या घरी त्याला ‘कोठार’ म्हणतात. मध्ये एक नदी, दोन काठांना दोन संस्थानं. प्रत्येकीची गावं, शेतं आणि एक धान्याचं कोठार. कोठारात पोती असली तर गावं टिकतात. कोठार रिकामं झालं की माणसं नदी ओलांडून पलीकडे जातात, आणि सगळी गावं गेली की डाव संपला. आमच्या देवासनं एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं पिढ्यान्‌पिढ्या नांदवली, त्यामुळे मला हा खेळ लगेच कळला. एकीनं आपली चाल खेळायची, ती फाइल दुसरीला द्यायची, मग तिनं खेळायचं. दोन चालींच्या मध्ये खेळ आपल्या मनानं काहीबाही घडवतो. कधी उंदीर लागतात, कधी पीक भरघोस येतं.

त्यात एक ‘मांडणी’चं दालनही आहे. तिथे शिरलं की कुणाच्याही कोठारातली पोती हवी तशी कमी-जास्त करता येतात. पोरांना खेळ शिकण्यासाठी असावं ते. त्या दालनात पाऊल टाकायचं नाही अशी शपथ तात्यानं आम्हां दोघींकडून घेतली, वेगवेगळी, माईच्या फोटोसमोर उभं करून.

तात्या पीथमपुरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. आठवडाभर धारहून शिफ्टच्या बसनं जा-ये करायचा. शनिवारी सुट्टी लवकर झाली की तसाच इंदूरला आणि तिथून देवासला माझ्याकडे. पिशवीत वहिनींची चाल असायची, आधी फ्लॉपीवर, नंतर पेन ड्राइव्हवर. मी रात्री जेवणाआधी माझी चाल खेळायची, तो रविवारी ती घेऊन परत. वहिनींना मात्र ती सोमवारी संध्याकाळी मिळायची, कारण हा म्हणे रविवारी दमून यायचा आणि विसरायचा. “माझं संस्थान ह्यांच्या पिशवीत दोन दिवस कोंडलेलं असतं,” वहिनी फोनवर म्हणायच्या. फोनवर, म्हणजे मुख्य बातमी लक्षात घ्या. बंब मागे पडला होता.

वहिनी खेळतही तशाच, स्वयंपाक केल्यासारख्या. पुढच्या दहा चालींचं धान्य आधी बाजूला, मग बाकीचं. कधी माझ्यावर चाल करून आल्या नाहीत. त्यांच्या गावातून कधी कुणी उपाशी गेलं नाही, आणि माझ्या गावातून पळून आलेल्यांना त्या आधी जेवू घालायच्या, मग काम द्यायच्या. मी उलट. पूल जाळ, शेतं तुडव, कर वाढव. मी चार वेळा तरी त्यांना अगदी काठावर आणलं होतं, आणि दर वेळी त्यांना भरघोस पीक यायचं. मी कपाळावर हात मारून घ्यायची. त्यांनीही मला दोन-तीनदा नुसत्या साठवणीच्या जोरावर गुदमरवलं होतं, तेव्हा माझ्या कोठारात कुठून तरी पोती निघायची आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायची. वीस वर्षं झाली, डाव काही संपेना.

तात्या निवृत्त झाला तरी शनिवारची फेरी चुकली नाही. गेल्या वर्षी आषाढात एका रविवारी तो देवासहून धारला परतला, घरी आल्यावर चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत गेला. पिशवी खुंटीला तशीच होती. तिच्यात माझ्या चालीचा पेन ड्राइव्ह होता. वहिनींनी तो देवघराच्या खालच्या खणात ठेवला, कुंकवाच्या करंड्याशेजारी.

आता मी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगते. त्या चालीत मी वहिनींचं कोठार पार रिकामं केलं होतं. पूल तोडला, धान्याच्या नावा अडवल्या, कोठारात शून्य पोती ठेवली. पुढच्या चालीला त्यांची सगळी गावं उठणार होती, म्हणजे डाव संपला. मी त्या रात्री तात्याला म्हणाले होते, “सांग तुझ्या बायकोला, आता आवरा म्हणावं.” तो हसला आणि त्यानं पोळी मागितली. माझ्या भावानं शेवटचं ओझं वाहिलं ते हे. चौदा महिने ते माझ्या छातीवर होतं.

तर आता खेळाचं. वहिनींचा जुना संगणक पावसाळ्यात वीज कडाडून जळला. त्यांच्या मुलीनं, उर्वशीनं, पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला, त्याला सीडी घालायला जागाच नाही. माझा जुना संगणक मीच अक्कल गहाण ठेवून भंगारात दिला होता. मग कळलं की हाच खेळ आता नवी रंगरंगोटी करून एका ऑनलाइन दुकानात मिळतो आणि जुन्या फायली त्यात उघडतात.

मी माझ्यापुरता ऑगस्टमध्ये घेतला. काय तो सोहळा! आधी खातं उघडा. जन्मसाल निवडा, त्यासाठी यादी खाली सरकवत सरकवत एकसष्टपर्यंत या. मग तुम्ही माणूसच आहात हे सिद्ध करा: बस असलेले चौकोन निवडा. एका चौकोनात बसचा नुसता आरसा होता, तो धरायचा की नाही यावर माझी दहा मिनिटं गेली. जो खेळ एका तबकडीत मावत होता तो आता अकरा जीबी झाला होता. आणि नवा नियम असा, की ज्याची चाल, त्याच्याच खात्यावर ती फाइल उघडते. जुन्या तबकडीला असलं सोवळं नव्हतं, फाइल कुणीही उघडावी. म्हणजे तो पेन ड्राइव्ह उघडायचा तर वहिनींनी खेळ स्वतःच्या नावावर घ्यायलाच हवा. फोनवर दोन दुपारी खर्चून मी त्यांचं खातं उघडून दिलं. त्या म्हणाल्या, “बघू, वन्सं. घाई काय आहे?”

घाई सप्टेंबरात आली. दुकानाकडून पत्र आलं की एकवीस तारखेच्या मध्यरात्रीनंतर हा खेळ विक्रीतून काढणार. ज्यांनी घेतला आहे त्यांच्याकडे राहील, बाकीच्यांना पुन्हा कधी मिळणार नाही. आणि पत्र आलं तेव्हा पितृपक्ष लागला होता. पक्षात नवी वस्तू घ्यायची नाही. मुख्य म्हणजे एकवीस तारखेला सर्वपित्री अमावास्या. दुकानानं आमच्या वहिनींचं पंचांग पाहून मुहूर्त काढला असता तरी इतका नेमका निघाला नसता.

वहिनी घेणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून मी युक्ती केली. माझे पैसे, माझं पाप, त्यांना नुसती भेट. तिचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. मी फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, “दशमीला ह्यांचं श्राद्ध आहे. तुम्ही येताय ना? तेव्हा बोलू.”

वर्षश्राद्ध आषाढात झालं होतं, तात्याचा हा पहिलाच पक्ष. दशमीला मी धारला गेले. भगवंतगुरुजी आमच्याकडे पिढीजात येतात, आता सत्तरी ओलांडली आहे, पण त्यांच्याइतका फोन आमच्यापैकी कुणाला चालवता येत नाही. पान वाढून झालं, खिरीची वाटी रिकामी झाली, तशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, गुरुजी, अशी अशी अडचण आहे. त्यांनी चष्मा लावून दुकानाच्या अटी माझ्या फोनवर वाचायला घेतल्या. संकल्प सांगताना लागतो तेवढाच वेळ लावला.

“देखो कमलताई,” ते म्हणाले, “यात साफ लिखा है. ते तुम्हाला वस्तू विकतच नाहीत. फक्त वापरायची परवानगी देतात. मालकी त्यांचीच. वस्तू घरात येत नाही, नावावर होत नाही. म्हणजे खरेदी झालीच नाही. दोष नाही, घेऊन टाका.”

मी विजयी मुद्रेनं वहिनींकडे पाहिलं. वहिनी ताकाचं भांडं हातात घेऊन उभ्या होत्या.

“म्हणजे पैसे द्यायचे आणि वस्तू आपली नाहीच?” त्यांनी विचारलं.

“तसंच म्हणा,” गुरुजी म्हणाले.

“मग तर पक्ष संपल्यावरही नको,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांना ताक वाढलं.

दुपारी सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात त्यांना धरलं. म्हटलं, वहिनी, खरं सांगा. ऑगस्टात पक्ष नव्हता, तेव्हा का नाही घेतला? पैशाचा प्रश्न नाही, नियमाचा नाही, मग कशाचा आहे? त्या परातीत भांडी रचत होत्या. पाठमोऱ्याच बोलल्या.

“ह्यांनी शेवटचं आणलेलं आहे ते, वन्सं. उघडलं की पोचलं. मग ह्यांच्याकडून काही यायचं बाकी राहत नाही.”

त्यात काय आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि ते काय, तर रिकामं कोठार! मी तिथेच सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं नाही, भित्री आहे. संध्याकाळच्या बसनं देवासला परत आले आणि दोन दिवस स्वतःवरचा राग दुकानावर काढला.

तिसऱ्या दिवशी, दुकानाला खरमरीत पत्र लिहावं म्हणून त्यांचं पत्र पुन्हा काढलं, तेव्हा खाली बारीक अक्षरांत दिसलं, की मध्यरात्र म्हणजे त्यांच्या कॅलिफोर्नियाची मध्यरात्र. मुलींना तेहतीस वर्षं रेखांश आणि वेळेची गणितं घातली आणि स्वतः मात्र चुकले. कागद घेऊन मांडलं. त्यांची एकवीसची मध्यरात्र म्हणजे आपली बावीस तारीख, दुपारचे साडेबारा. बावीसला घटस्थापना. पक्ष संपलेला आणि दुकान उघडं, अशी सकाळपासून साडेबारापर्यंतची वेळ मिळत होती.

मी वहिनींना फोन केला. सगळं सांगून शेवटी म्हटलं, “घ्यायचं नसेल तर मी आता एक शब्द बोलणार नाही. पण नाही घेतलं तर ते कायमचं वाटेतच राहील.”

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला.

“वाटेत नको राहायला,” त्या म्हणाल्या. “घट बसले की घेऊ. तुम्ही या.”

रविवारीच मी निघाले, कारण नवरात्र लागलं की देवासला टेकडीवरच्या देवीला येणाऱ्यांच्या गर्दीत बसस्टँड गाठणं माझ्या गुडघ्यांचं काम नाही. सोमवारी सकाळी वहिनींनी घट बसवायला घेतले. पत्रावळीवर माती, मातीत सात धान्यं, वर कलश, वर माळ. वीस वर्षं ज्या बाईनं मला कोठाराच्या जोरावर दमवलं ती एकेक गहू निवडून मातीत टाकत होती आणि मी घड्याळ बघत होते. आरती सव्वाअकराला. नैवेद्य पावणेबाराला. मग त्या म्हणाल्या, आधी तुम्ही दोन घास खाऊन घ्या. मी नको म्हटलं, ते जरा मोठ्यानं म्हटलं.

अकरा पंचावन्नला लॅपटॉप उघडला. पासवर्ड त्यांनी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता, पण पंचांग घटाशेजारी, आणि घटाशेजारचं हलवायचं नाही. त्या वाकून वाचत होत्या, मी टाइप करत होते. पुन्हा चौकोनांतल्या बस आल्या. वहिनींनी आरसा धरला नाही आणि त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. पैसे त्यांना स्वतःच्या पेन्शनमधूनच द्यायचे होते. कार्डाचे आकडे घातले. मग पडद्यावर आलं की बँकेनं नोंदलेल्या मोबाइलवर अंक पाठवले आहेत.

खातं दोघांचं होतं आणि नोंदलेला मोबाइल तात्याचा.

चौदा महिन्यांत तो नंबर बंद होऊन आणखी कुणाला गेला असेल. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. वहिनी उठल्या, देवघराचा खालचा खण उघडला आणि पेन ड्राइव्हच्या मागून तात्याचा फोन काढला. चालू होता. बॅटरी भरलेली. त्या त्याला दर सोमवारी चार्ज करत होत्या, दर महिन्याला रिचार्ज मारत होत्या.

“नंबर दुसऱ्याला देतात म्हणे,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या नंबरावरून दुसरा कुणी बोललेलं मला नाही चालणार.”

तेवढ्यात त्यांच्या हातात तो फोन वाजला. सहा अंक. त्यांनी चष्मा वर करून एकेक मला सांगितला. बारा सतराला खेळ वहिनींच्या नावावर झाला. किंवा गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे, नाही झाला. मी खुर्चीवरच मागे टेकले. त्यांनी तो फोन पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवला.

अकरा जीबी उतरायला चार तास लागणार होते. अडीचला वीज गेली, दोन वर्षांच्या पोरासारखी मी रडकुंडीला आले. तीनला आली. आणि इथे मी या दुकानाची एकदा मनापासून तारीफ करते: उतरणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. आमच्या वेळी सीडीला एक चरा पडला की अख्खा खेळ संपायचा. वहिनींनी तेवढ्यात लॅपटॉपच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून घेतलं.

दिवेलागणीला खेळ उघडला. वहिनींनी पेन ड्राइव्ह स्वतःच्या हातानं लावला. मी म्हणाले, “वहिनी, उघडायच्या आधी ऐका. त्यात तुमचं कोठार रिकामं आहे. मी केलंय. मला माहीत असतं तर...”

“वन्सं, खेळ आहे तो,” त्या म्हणाल्या आणि फाइल उघडली.

नदी आली, पूल तुटलेला आला. खाली वहिनींचं कोठार: वीस पोती.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. वीसच. मी शून्य ठेवली होती, शपथेवर सांगते. नव्या खेळात कडेला एक यादी दिसते, ही फाइल कधी, कोणत्या संगणकावर उघडली त्याची. जुन्या खेळात ती दिसत नसे, पण नोंद होत असावी. शेवटाकडे मी, शनिवारची रात्र. आणि त्याच्याही खाली आणखी एक ओळ होती: मोना फोटोकॉपी, रविवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मांडणीचं दालन. वीस पोती.

मोना फोटोकॉपी धारच्या बसस्टँडशी आहे. तात्या सहाच्या बसनं उतरायचा.

आम्ही यादी वर सरकवू लागलो. मी, मोना फोटोकॉपी, वहिनी. मी, मोना फोटोकॉपी, वहिनी. मागे मागे, तात्याच्या निवृत्तीपर्यंत. त्याच्याही वर मी, स्टोअर-दोन, वहिनी, आणि स्टोअर-दोन कायम सोमवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. दर आठवड्याला नाही, जेव्हा एकीचं फारच खाली गेलं तेव्हा. कधी वहिनींच्या कोठारात दहा पोती, कधी माझ्या कोठारात पंधरा. मी ज्या चालींवर स्वतःला शाबासकी दिली होती त्या सगळ्या तिथे होत्या. आमच्याकडून शपथ घेणारा हा माणूस वीस वर्षं त्याच दालनात ये-जा करत होता.

“मला वाटायचं देव देतोय,” वहिनी हळूच म्हणाल्या. “अचानक पीक आलं की मी देवापुढे साखर ठेवायची. इतकी वर्षं.”

“साखर चुकीच्या माणसाला गेली, वहिनी.”

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मीही रडले. भावाच्या बाराव्याला मी रडले नव्हते, त्या दिवशी रडले.

दुसऱ्या दिवशी परतताना मी मोना फोटोकॉपीत शिरले. मोना तिशी-पस्तिशीची, काउंटरवर तीच असते. तात्याचं नाव काढताच ओळखलं.

“हां बुआजी, हर संडे आते थे. पुराने वाले पीसी पर दस मिनिट बैठते. मैंने एक बार पूछा, तात्याजी, ये कौन-सा गेम है? बोले, दो देवियों का झगड़ा है, बराबर रखना पड़ता है. एक जीत गई तो मेरा शनिवार गया.” तिनं खण उघडून कागदी पाकिटातली एक सीडी काढून दिली. “ये उनकी है. रख लो.”

त्या भाऊबीजेला त्यानं दोन नव्हे, तीन सीडी घेतल्या होत्या. मी परत फिरले, सीडी वहिनींना दिली. तिच्यासाठी आता कुठल्याच संगणकाला जागा नाही. वहिनींनी ती खणात ठेवली, पेन ड्राइव्हच्या रिकाम्या जागी.

दुकानानं खेळ काढून टाकला. आता वहिनींची चाल देवासला यायला बस लागत नाही, इकडे त्यांनी बटण दाबलं की तिकडे माझ्याकडे. परवा शनिवारी मी बसले, माझं कोठार पाहिलं. मी चौतीस पोती ठेवली होती, तिथे शेहेचाळीस होती. कडेच्या यादीत मोना नव्हती, स्टोअर नव्हतं. धारचा लॅपटॉप, मांडणीचं दालन, बारा पोती. ज्या बाईनं पक्षात भेट घेतली नाही, तिनं माईच्या फोटोसमोरची शपथ मोडली होती.

जरा वेळानं फोन आला.

“पोचलं का, वन्सं?”

“पोचलं.”

“कसं आहे कोठार? उंदीर लागले का?”

“नाही. या खेपेला पीक बरं आलं.”

“बरं झालं,” वहिनी म्हणाल्या.

मी फोन ठेवला. देवधर्मातलं मला फारसं कळत नाही, आणि घरात मी देव्हारा ठेवलेला नाही. वाटीत चमचाभर साखर घेतली आणि तात्याच्या फोटोपुढे ठेवली. मग माझी चाल खेळायला बसले.